मेम्ब्रेनला एकही भोक न पाडता गच्चीवर एएचयू : लातूरच्या कामाच्या नोंदी

१८ मार्च २०२४

लातूर शहरातल्या एका तीन मजली खासगी रुग्णालयाच्या गच्चीवर ऑपरेशन थिएटरसाठी नवीन एअर हँडलिंग युनिट (एएचयू, म्हणजे हवा गाळून आणि थंड करून आत पाठवणारे यंत्र) आणि त्याची दोन आउटडोअर युनिट बसवायची आहेत. एएचयूचे वजन ९८० किलो असून आउटडोअर युनिट प्रत्येकी २६५ किलोची आहेत. अडचण वजनाची नाही. मागच्या वर्षीच विटांच्या कोब्यावर गॅसच्या ज्योतीने ४ मिमी जाडीचे डांबरी मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा थर, चिकटवून त्यावर ॲल्युमिनियम रंग दिलेला आहे, त्याची दहा वर्षांची लेखी हमी आहे, आणि कोणीही एक जरी भोक पाडले तरी ती हमी संपेल असे त्या कागदात स्पष्ट लिहिलेले आहे. जुने युनिट फास्टनर ठोकून कोब्यात बसवलेले होते आणि त्याच भोकांतून पाणी उतरून थिएटरच्या छताला ओल आली होती. त्यामुळे ही अट मला जाचक वाटत नाही, ती योग्यच आहे.

आज गच्चीवर फिरताना सोलर हीटरचा स्टँड पाहिला. वॉटरप्रूफिंग झाल्यावर कोणीतरी तो अँगलच्या उघड्या पायांवर तसाच परत ठेवला होता. एक पाय उचलून पाहिला, तर अँगलचा काटकोन मेम्ब्रेनमध्ये छापल्यासारखा उतरलेला होता आणि त्या खाचेत चारपैकी जेमतेम एक मिलिमीटर जाडी उरली होती. भरलेली टाकी धरूनही त्या स्टँडचे वजन आमच्या यंत्रांच्या मानाने किरकोळ आहे, आणि तरीही एका उन्हाळ्यात हे झाले. मेम्ब्रेन वजनाने फाटत नाही, टोकाने आणि धारेने फाटते, हे डोळ्यांनी पाहिले ते बरे झाले.

२३ मार्च

स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडम येऊन गेल्या. यंत्रे, लोखंडी फ्रेम आणि पायाखालचे ठोकळे धरून एकूण भार तीन टनांच्या पुढे जातो. फ्रेमचा आकार ६ बाय २.२ मीटर ठरला आहे, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण २३० किलो. वावराच्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारांविषयीच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात धरलेला चल भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचा बदलता भार, चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो आहे. म्हणून भार स्लॅबवर पसरून चालणार नाही, सर्व पाय बीमच्या रेषेवरच उभे राहिले पाहिजेत असे त्यांनी बजावले. बीम तीन-तीन मीटरवर असल्यामुळे तीन रेषा आणि प्रत्येक रेषेवर चार पाय, असे बारा पाय ठरले.

२६ मार्च

पहिली चूक, आणि ती वेळीच सापडली. खालच्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूपासून बीमची अंतरे मोजली आणि तीच अंतरे गच्चीवर कठड्याच्या आतल्या बाजूपासून टाकून खुणा केल्या. भिंत २३० मिमी जाडीची आहे, कठडा मात्र ११५ मिमीचा, आणि दोन्हींची बाहेरची बाजू एका रेषेत आहे. म्हणजे आमच्या सर्व खुणा ११५ मिमी सरकलेल्या होत्या. बीम २३० मिमी रुंदीचा असल्याने प्रत्येक पायाचा मध्य बरोबर बीमच्या कडेवर आला असता. डक्टच्या शाफ्टची कड खाली आणि वर दोन्हीकडे दिसते, तिच्यापासून पुन्हा मोजले तेव्हा फरक कळला. असे काम करणाऱ्याने दोन्ही मजल्यांवर दिसणारी एकच वस्तू मोजणीसाठी धरावी, भिंत धरू नये.

३० मार्च

काम सुरू करण्यापूर्वी गच्चीचा तेवढा भाग अडवून ४८ तास पाणी साठवून पाहिले, कारण नंतर गळती झाली तर ती आधीची की आमची हा वाद होऊ नये. ८ बाय ६ मीटरच्या भागात सरासरी ५० मिमी पाणी, म्हणजे सुमारे २,४०० लिटर. वाळूची पोती आणि प्लॅस्टिकचा कागद वापरून बांध केला, विटा आणि मसाला वापरला नाही. खाली छताला कुठेही ओल नाही. त्याचे फोटो तारखेसह रुग्णालयाला आणि वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराला पाठवले.

पाणी टँकरचे होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात चाचणीचे पाणी पन्हाळीतून सोडून देणे मनाला पटत नव्हते. ते पंपाने खाली घेऊन दोन जुन्या टाक्यांत साठवले आहे, ठोकळ्यांच्या क्युरिंगला वापरू.

३ एप्रिल

पायाखालचे काँक्रीटचे ठोकळे ओतले. ४५० बाय ४५० बाय १५० मिमी, एम-२५ काँक्रीट, एकाचे वजन सुमारे ७३ किलो. हिशेब असा: सर्वांत भारी पायावर सुमारे २९० किलो येतात. तो पाय २०० मिमीच्या चौकोनी प्लेटवर थेट उभा केला तर मेम्ब्रेनवर चौरस मीटरला ७,२५० किलोचा दाब होतो. ठोकळा मध्ये घातला तर ठोकळ्याचे स्वतःचे वजन धरूनही तो १,८०० किलोच्या आसपास उतरतो.

पहिले चार ठोकळे वाया गेले. साचा थेट जमिनीवर ठेवला होता, त्यामुळे तळाला खडी उघडी पडली आणि कडा धारदार आल्या. वरची बाजू गुळगुळीत करण्यात गवंड्याने बराच वेळ घालवला, पण आपल्याला महत्त्व तळाचे आहे. नंतर साच्याखाली तेल लावलेली प्लाय घातली आणि खालच्या कडांना २० मिमीची तिरकी पट्टी बसवली, तेव्हा तळ हात फिरवावा असा आला.

१२ एप्रिल

पाडव्याची सुट्टी संपवून कारागीर परतले. आज तीन ठोकळे गच्चीच्या एका कोपऱ्यात, खाली वेगवेगळे थर घालून ठेवले आणि प्रत्येकावर सिमेंटची सहा पोती ताडपत्री झाकून रचली. पहिल्याखाली नुसते जिओटेक्स्टाइल, म्हणजे कृत्रिम धाग्यांचे जाड कापड. दुसऱ्याखाली बाजारात सहज मिळणारी काळी पीव्हीसी चटई. तिसऱ्याखाली त्याच मेम्ब्रेनचा ६०० मिमीचा जादा तुकडा, त्यावर ३०० जीएसएमचे (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जिओटेक्स्टाइल आणि त्यावर जुन्या टायरच्या चुऱ्यापासून बनवलेली २५ मिमीची रबरी लादी. दुपारी अडीच वाजता हवा ४० अंशांच्या घरात असताना मेम्ब्रेनच्या मळलेल्या भागाचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने ६४ अंश दिसले. चाचणी घ्यायची तर ती याच दिवसांत घ्यावी. डिसेंबरात घेतलेली चाचणी आपल्या भागात काहीच सांगणार नाही.

२६ एप्रिल

चौदा दिवसांनी ठोकळे उचलले. पहिल्याखाली एका कोपऱ्यात दोन मिलिमीटरचा खळगा पडला होता, कारण कोबा तिथे उंचसखल आहे आणि जिओटेक्स्टाइल तो फरक भरून काढू शकत नाही. दुसऱ्याखालचा प्रकार सर्वांत वाईट होता. चटई मेम्ब्रेनला चिकटून बसली होती, ओढली तेव्हा ॲल्युमिनियम रंग तिच्याबरोबर सोलून आला आणि खालचे डांबर बोटाला चिकटेल इतके मऊ झाले होते. पीव्हीसी लवचीक राहावे म्हणून त्यात घातलेली तेलकट द्रव्ये डांबरात उतरतात. ही दोन द्रव्ये एकमेकांना लागू द्यायची नसतात, हे मी ऐकून होतो, पण दोन आठवड्यांत एवढा परिणाम दिसेल असे वाटले नव्हते. तिसऱ्याखाली जिओटेक्स्टाइलच्या विणीचा पुसटसा ठसा, याहून काही नाही. तिसरा प्रकार ठरला. जादा तुकडे मूळ ठेकेदाराच्याच माणसाकडून चिकटवून घेतले आणि ही पद्धत हमीत बसते असे त्याच्याकडून लेखी घेतले.

चटईने बिघडलेली जागाही त्यानेच लगोलग दुरुस्त केली. चाचणी मुख्य जागेवर न घेता कोपऱ्यात घेतली होती म्हणून निभावले.

२ मे

फ्रेमचे वेल्डिंग सगळे खाली वर्कशॉपमध्ये करून, गॅल्व्हनाइझ करून, तुकडे जिन्याने वर आणले. गच्चीवर फक्त नटबोल्ट. वेल्डिंगची एक ठिणगीही मेम्ब्रेनला पुरेशी असते, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या तर त्याहून दूर उडतात.

इथे माझी मोठी चूक झाली. बाराही पाय मी ड्रॉइंगप्रमाणे ७५० मिमीचे कापून घेतले होते. ड्रॉइंगमध्ये कोब्याचा उतार शंभराला एक दाखवला आहे. प्रत्यक्षात पाण्याची नळी लावून पाहिले तेव्हा सर्वांत उंच आणि सर्वांत खोल पायांत ६१ मिमीचा फरक निघाला, आणि तोही एकसारख्या उतारात नाही. मिस्त्री म्हणाले, “साहेब, खाली पट्ट्या घालून लेव्हल करू, एका दिवसाचं काम आहे.” मी नकार दिला, कारण एकावर एक रचलेल्या पट्ट्या कंपनाने सुटतात, आणि सुटलेली पट्टी खाली पडते ती मेम्ब्रेनवरच. पाय काढून परत वर्कशॉपला नेले, प्रत्येक ८० मिमी कापून खाली एम-२४ चा, म्हणजे २४ मिमी जाडीचा, आटेदार दांडा आणि दोन नट बसवले, कापलेल्या जागी जस्ताचा रंग दिला. तीन दिवस आणि ८,२०० रुपये गेले. ही सोय पहिल्यापासून केली असती तर हजारभर रुपयांत झाली असती. असा कोणताही स्टँड बनवताना पायांची उंची कमी-जास्त करण्याची सोय ठेवलीच पाहिजे.

फ्रेमखालची उंची ७५० मिमी ठेवण्यामागे कारण आहे. उद्या खालचे मेम्ब्रेन दुरुस्त करायचे झाले तर माणूस ज्योत घेऊन आत शिरू शकला पाहिजे. ३०० मिमीवर ठेवलेल्या यंत्रांखाली कोणी कधीच पाहत नाही.

५ मे

वाऱ्याचा हिशेब आला. मॅडमनी सेकंदाला ३९ मीटर वेग धरला. दाब म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले ०.६, म्हणून चौरस मीटरला ९१२ न्यूटन. यंत्रांची वाऱ्यासमोरची बाजू सुमारे १० चौरस मीटर आहे, तिला आकाराचा १.३ हा गुणांक लावल्यावर आडवा जोर १,२०० किलोच्या पुढे गेला. सगळ्याचे एकूण वजन ३,०३५ किलो, घर्षणाचा गुणांक ०.४ धरला तर विरोधही १,२१४ किलो. म्हणजे दोन्ही बरोबरीला आले आणि सुरक्षिततेसाठी काहीच उरले नाही. उलटून पडण्याची भीती नाही, तिथे दीडपटीहून अधिक वाव आहे, पण सरकण्याची आहे.

०.४ हा आकडा आमच्या थरांना लागू पडतो का, ते करूनच पाहिले. एका ठोकळ्यावर दोन पोती ठेवून, म्हणजे १७३ किलो, लटकत्या वजनकाट्याला दोर बांधून आडवे ओढले. कोरडे असताना ९४ किलोला सरकला. पाणी ओतून ओढले तेव्हा ६७ किलोलाच. म्हणजे ओल्यात गुणांक ०.३९ च्या आतच, आणि आपल्याकडे मे महिन्यातला जोराचा वारा वळवाच्या पावसाबरोबरच येतो.

त्यात भूकंपाचा प्रश्न वेगळा. लातूर भूकंप क्षेत्र तीनमध्ये आहे. हादऱ्यात जमीन खालीवरही होते आणि त्या क्षणी वजन हलके पडते, म्हणून भूकंपासाठी घर्षण हिशेबात धरायचेच नाही हा मॅडमचा नियम आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक नुकते झोपले असताना किल्लारीला जे झाले ते औसा तालुक्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ऑपरेशन थिएटरच्या डोक्यावर तीन टन वजन नुसते ठेवून देणे मला मान्य नव्हते. अधिक ठोकळे ठेवून वजन वाढवणे हा उपाय नव्हे, कारण त्याने बीमवरचा भारही वाढतो आणि भूकंपाचा जोरही.

७ मे

क्रेनसाठी आजची तारीख घेतली होती आणि आजच लोकसभेचे मतदान होते. क्रेन आली, पण माल बांधणारे सगळे आपापल्या गावी मतदानाला गेलेले. त्यांचे जाणे योग्यच होते, तारीख घेताना मी पाहायला हवे होते. उभ्या क्रेनचे ६,००० रुपये भरले.

८ मे

एएचयू तीन भागांत वर चढवले आणि प्रत्येक भाग थेट फ्रेमवरच उतरवला, गच्चीवर काहीही टेकवले नाही. आउटडोअर युनिटही तशीच. वावराच्या वाटेवर १८ मिमीची प्लाय अंथरलेली होती. तरीही भाग जुळवताना एका मजुराच्या हातातून पहार निसटली आणि प्लायच्या कडेबाहेर टोकावर पडली. दोन सेंटिमीटरची चीर. त्याने स्वतः येऊन सांगितले. सकाळीच मी सर्वांना सांगून ठेवले होते की काहीही पडले तर लगेच सांगा, कोणाचे पैसे कापले जाणार नाहीत, आणि त्या एका वाक्यामुळे आज आम्ही वाचलो. चिरेभोवती खडूने वर्तुळ केले, प्लॅस्टिक चिकटवले, दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराच्या माणसाने ३०० मिमीचे ठिगळ लावून दिले. खर्च ३,५००.

आडवा आधार अजून बसलेला नसल्याने फ्रेम दोन रॅचेट पट्ट्यांनी लिफ्टच्या खोलीच्या कॉलमना बांधून ठेवली, आणि प्रत्येक ठोकळ्याभोवती मार्करने बारीक रेघ मारली.

१२ मे

काल रात्री वादळी वारा आणि वीस मिनिटे वळीव. सकाळी रेघा तपासल्या. तीन क्रमांकाचा ठोकळा रेघेबाहेर चार मिलिमीटर गेलेला होता. त्या टोकाला एएचयूचा रिकामा मिक्सिंगचा भाग असल्याने तो सर्वांत हलका पाय आहे, आणि तिथलीच पट्टी ढिली पडलेली होती. चार मिलिमीटर म्हणजे काही नाही असे एकाने म्हटले. पण दर वादळात चार मिलिमीटर सरकणारा ठोकळा खालचे मेम्ब्रेन घासत राहणार आणि वर डक्टचा सांधा उघडत राहणार.

१६ मे

आडवा आधार बसला. या कामात मला सर्वांत समाधान देणारा भाग हाच. मेम्ब्रेन लिफ्टच्या खोलीच्या भिंतीवर आणि कॉलमवर ३०० मिमीपर्यंत चढवलेले आहे. आम्ही कॉलमच्या उभ्या अंगावर, गच्चीपासून ७०० मिमी उंचीवर केमिकल अँकरने (भोकात रसायनाने चिकटवलेल्या बोल्टांनी) प्लेटी बसवल्या आणि तिथून ७५ मिमीचे अँगल फ्रेमला जोडले. दोन लिफ्टच्या खोलीच्या कॉलमना, आणि दुसऱ्या दिशेसाठी एक वरच्या पाण्याच्या टाकीच्या खांबाला. भोके पडली, पण मेम्ब्रेनच्या बरीच वर आणि उभ्या काँक्रीटमध्ये. वजन ठोकळ्यांवर आणि आडवा जोर कॉलमवर अशी विभागणी झाली. कॉलमवर येणारा जोर मॅडमनी आधी तपासून दिला होता.

दोन अडचणी आल्या. एका प्लेटच्या भोकात ४५ मिमीवर सळई लागली. सळई कापायची नाही असे ठरलेले असल्याने ते भोक इपॉक्सीने भरून प्लेटला नव्याने भोके पाडून आणली, अर्धा दिवस गेला. दुसरे, आधार पहिल्यांदा दोन्ही टोकांना घट्ट आवळले होते. सहा मीटर लोखंड ४० अंशांच्या फरकात जवळजवळ तीन मिलिमीटर वाढते आणि ती वाढ कुठेतरी गेली पाहिजे. लांबीच्या दिशेने एका टोकाला लांबट भोक ठेवून नटावर दुसरा नट आवळला. अँगलना कॉलमकडून किंचित खाली उतार दिला, म्हणजे पावसाचे पाणी अँगलवरून वाहत प्लेटमागे शिरणार नाही.

२२ मे

पुन्हा ४८ तास पाणी साठवले. खाली छत कोरडे. डक्ट, केबल आणि तांब्याच्या नळ्या जुन्याच शाफ्टमधून खाली नेल्या आहेत.

१० जून

थिएटरशेजारच्या रिकव्हरी खोलीत रात्री घुमल्यासारखा आवाज येतो अशी तक्रार आली. दोन दिवस रबराच्या लाद्यांवर संशय घेऊन पाय एकेक तपासले, नट आवळले आणि सैल केले. शेवटी पंख्याचा भाग उघडला, तेव्हा आतल्या स्प्रिंगना वाहतुकीसाठी लावलेले लॉकिंग बोल्ट तसेच होते. पंखा सरळ फ्रेमवर हादरत होता. चार बोल्ट काढले आणि आवाज गेला. यंत्र सुरू करण्यापूर्वीच्या यादीत ही ओळ आता वर घातली आहे.

१५ जून

एकूण खर्च, यंत्रे आणि डक्ट सोडून: फ्रेम गॅल्व्हनाइझिंगसह ७६,७००, ठोकळे ८,०००, रबर आणि जिओटेक्स्टाइल ९,४००, क्रेन ३७,०००, मेम्ब्रेनची दुरुस्ती ३,५००, आडवे आधार आणि अँकर १४,६००, स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी १८,०००, टँकर २,८००, पायांची फेरदुरुस्ती ८,२००. बेरीज १,७८,२०० रुपये. यातले सुमारे १९,७०० रुपये आमच्या चुकांचे: वाया गेलेले ठोकळे, उभी क्रेन, पहार आणि पाय. फी वाचवण्याचा विचार सुरुवातीला रुग्णालयाने बोलून दाखवला होता. बीमची रेषा आणि आडवा आधार या दोन्ही गोष्टी त्या फीमधूनच आल्या.

४ सप्टेंबर

१ आणि २ सप्टेंबरला मराठवाडाभर झालेल्या मुसळधार पावसानंतर आज तपासणी केली. छत कोरडे. बाराही ठोकळे रेघांच्या आत. दोन ठोकळ्यांच्या वरच्या अंगाला बोटभर गाळ साचला होता, कारण त्यांच्यामधून पाणी जायला जागा कमी आहे. तो झाडून काढला आणि रुग्णालयाच्या माणसाला महिन्यातून एकदा ते करायला सांगितले. सात क्रमांकाच्या पायाखालची रबरी लादी एका बाजूने तीन मिलिमीटर जास्त दबलेली आढळली. शेजारच्या सहा आणि आठ क्रमांकांच्या पायांवर प्लेट हाताने थोडी हलत होती, म्हणजे त्यांचा भार सातनेच घेतला होता. दोन टनी जॅकने फ्रेम अलगद उचलून सहा आणि आठचे नट अर्धा-अर्धा फेरा फिरवले, तेव्हा तिन्ही प्लेटी सारख्या बसल्या. पुढची तपासणी मार्चअखेर, ऊन चढण्यापूर्वी.